मोजणाऱ्याची चूक मुलाच्या नावावर लावू नका : बायथले स्पर्धा भरवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
राज्यातील आणि जिल्ह्यांतील बायथले स्पर्धा भरवणाऱ्या संघटनांचे पदाधिकारी, तांत्रिक समित्या आणि पंचमंडळ यांस,

सप्रेम नमस्कार.

मी पंच नाही, प्रशिक्षक नाही, कुठल्या संघटनेची सभासदही नाही. आठ वर्षांपूर्वी माझी मुलगी बायथलेच्या, म्हणजे धावणे-पोहणे-धावणे अशा शर्यतीच्या, जिल्हा स्पर्धेत उतरली होती. माइकवरून कोणीतरी म्हणाले, "लॅप मोजायला माणसं कमी आहेत, पालकांपैकी कोणी यावं." मी उठले. मुलीचे पोहणे दहावीत सुटले, ती आता पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. माझे मोजणे काही सुटले नाही. वर्षातून तीन-चार वेळा, कधी सांगलीत, कधी शेजारच्या जिल्ह्यात, मी लेनच्या टोकाला उभी असते. गळ्यात स्टॉपवॉच, हातात पॅड, पॅडला दोरीने बांधलेली पेन्सिल. पाण्याने शाई पसरते म्हणून पेन्सिल.

हे पत्र त्या पॅडवरच्या एका कागदाबद्दल आहे.

गेल्या मोसमातली गोष्ट. स्पर्धा कुठली, कोणी भरवलेली, हे मी लिहीत नाही, कारण मला कोणाचे नाव खराब करायचे नाही. जे झाले ते कुठेही होऊ शकते, आणि होते. तलाव 25 मीटरचा, सहा लेनचा. पंधरा वर्षांखालचे मुलगे 26. आधी धावणे, मग 200 मीटर पोहणे, मग पुन्हा धावणे. सगळे एकदम सोडले, त्यामुळे एकेका लेनमध्ये चार-पाच मुले आली. माझ्या लेनमध्ये चार होती आणि त्यातल्या तिघांच्या डोक्यावर एकाच रंगाच्या टोप्या होत्या.

25 मीटरच्या तलावात 200 मीटर म्हणजे आठ लांब्या. मी सुरुवातीच्या बाजूला उभी, म्हणजे प्रत्येक मूल माझ्या भिंतीला चारदा हात लावणार. चौथ्यांदा हात लागला की बाहेर आणि पुन्हा धावायला. मोजायला काही अवघड नाही. फक्त एकाच वेळी चौघांकडे पाहताना, पाणी उडत असताना, मागून पालक ओरडत असताना एक हात नजरेतून निसटू शकतो. माझ्या नजरेतून निसटला.

ज्याचा हात निसटला तो मुलगा वारणेकाठच्या एका गावातून मामाबरोबर आला होता. विहिरीत शिकलेला. पाठीला पत्र्याचा डबा बांधून ज्यांनी पहिला हात मारला त्यांचे पोहणे लांबूनही ओळखू येते. डोके थोडे वर, खांदे जोरकस, आणि दमणे ठाऊक नाही. धावून आला तेव्हा तो दुसरा की तिसरा होता. त्याने भिंतीला हात लावला, मान वर काढली आणि मला विचारले, "काकू, झालं न्हवं?"

मी पॅडकडे पाहिले. त्याच्या नावापुढे तीनच टिंबे होती. मी एक बोट दाखवून म्हणाले, "अजून एक."

त्याने माझ्याकडे क्षणभर पाहिले. त्याच्या अंगाला माहीत होते की झाले आहे. पण समोर मोठे माणूस पॅड घेऊन उभे होते. तो वळला आणि आणखी 50 मीटर पोहून आला.

गट संपल्यावर मी कागद घेऊन पायरीवर बसले. मला एक सवय आहे, नुसते टिंब न काढता प्रत्येक हाताला घड्याळातली वेळही लिहिते. त्याच्या नावापुढे लिहिले होते : 0:44, 1:31, 3:06, 3:55. पहिली 50 मीटर 44 सेकंदांत. दुसरी 47. तिसरीला एकदम 95. चौथी 49. जो मुलगा प्रत्येक 50 मीटर पाऊण मिनिटाच्या आसपास पोहतो, त्याला मध्येच दीड मिनिट कशाला लागेल? 1:31 आणि 3:06 यांच्या मध्ये साधारण 2:18 ला एक हात लागला होता आणि तो मी पाहिला नव्हता. त्याचे 200 मीटर 3:06 लाच संपले होते. पुढचे 49 सेकंद माझे होते, त्याचे नव्हते.

फळ्यावर तो सातवा होता. राज्य स्पर्धेसाठी पहिले चार निवडणार होते. चौथा मुलगा त्याच्या 22 सेकंद पुढे होता.

मी कागद घेऊन टेबलाकडे गेले. तिथल्या साहेबांनी ऐकून घेतले. ते वाईट वागले असे मी अजिबात म्हणणार नाही. ते म्हणाले, "तुमचं बरोबर असेलही, पण हरकत लेखी लागते, संघ व्यवस्थापकाच्या सहीनं, निकाल लागल्यापासून अर्ध्या तासात, हजार रुपये भरून." मुलाबरोबर व्यवस्थापक नव्हता, मामा होता. मामाकडे परतीच्या एस.टी.चे पैसे होते. मी म्हटले, मी भरते. तर मोजणाऱ्याला हरकत घेता येत नाही. तेवढ्यात अर्धा तास उलटून गेला.

मामाला मी सगळे सांगितले. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "असू दे ताई, फुडच्या वर्षी." मुलगा काही बोलला नाही. तो बूट घालत होता.

पदाधिकारी मंडळी, हरकतीला मुदत आणि अनामत असावी हे मला मान्य आहे. पोहण्याच्या स्पर्धांत ही पद्धत जुनी आहे : अर्ध्या तासात लेखी हरकत, सोबत अनामत, हरकत खरी ठरली तर पैसे परत. त्यामागे कारणही आहे. नाहीतर हरलेला प्रत्येक पालक टेबलावर हात आपटत बसेल आणि संध्याकाळपर्यंत निकाल लागणार नाही. पण हा नियम आहे बाहेरून येणाऱ्या तक्रारीसाठी. मोजणारा स्वतः येऊन सांगतो आहे की माझे चुकले, हा बघा कागद, तेव्हा ती तक्रार उरत नाही. ती दुरुस्ती असते. दुकानदार स्वतः म्हणाला की मी बिलात पन्नास रुपये जास्त लावले, तर आपण त्याला आधी अर्ज लिहा, पैसे भरा असे म्हणतो का?

आपल्या नियमपत्रकांत या दुरुस्तीला जागाच नाही. माझी मुख्य मागणी एवढीच आहे, ती जागा करा.

आता थोडे या खेळाच्या घराण्याबद्दल, कारण उत्तर त्याच घरात आहे. बायथलॉन म्हटले की जगभर बर्फावरचा खेळ डोळ्यांसमोर येतो. पाठीवर रायफल घेऊन स्कीवरून जायचे, मध्ये थांबून 50 मीटरवरची पाच निशाणे पाडायची, पुन्हा निघायचे. 1960 पासून तो हिवाळी ऑलिंपिकमध्ये आहे. तो खेळ आणि मॉडर्न पेंटॅथलॉन, म्हणजे पाच खेळांची एकत्र स्पर्धा, हे दोन्ही बरीच वर्षे एकाच आंतरराष्ट्रीय संघटनेच्या छपराखाली होते. 1993 मध्ये बायथलॉनने आपली वेगळी संघटना काढली. आपले बायथले हे मागे राहिलेल्या पेंटॅथलॉनच्या घरातले धाकटे भावंड. ना बर्फ, ना बंदूक : धावा, पोहा, धावा. ट्रायथले आणि लेझर रन ही आणखी दोन भावंडे, त्यात 10 मीटरवरून लेझर पिस्तुलाने पाच वेळा निशाण साधायचे किंवा 50 सेकंद संपेपर्यंत थांबायचे.

बर्फावरच्या त्या थोरल्या खेळात नेम चुकला तर काय, हे मुलाला पहिल्या दिवशी कळते. चुकलेल्या प्रत्येक गोळीमागे 150 मीटरचा जादा फेरा. लांब पल्ल्याच्या वैयक्तिक शर्यतीत फेऱ्याऐवजी एक मिनिट वाढते. झोपून मारताना निशाण 45 मिलिमीटरचे, उभ्याने 115 मिलिमीटरचे. शिक्षा कडक आहे, पण ती खेळाडूच्या चुकीला आहे. आणि निशाणाचे यंत्रच बिघडले, पडायला हवी ती तबकडी पडली नाही, तर? मग खेळाडूला दुसऱ्या निशाणावर नेतात आणि त्याचा वाया गेलेला वेळ ज्युरी हिशेबात धरून परत देते. त्याला अर्ज करावा लागत नाही. चूक आयोजकाच्या बाजूची, म्हणून भरपाई आयोजकाच्या बाजूने.

हेच आपल्याकडे आणायला काय लागते? एक परिच्छेद लागतो. "मोजणी, मार्ग किंवा साधन यांतील आयोजकांच्या चुकीमुळे खेळाडूचा वेळ गेल्याचे नोंदींवरून दिसल्यास मुख्य पंच स्वतःहून वेळ दुरुस्त करतील. यासाठी हरकत, अनामत किंवा मुदत लागणार नाही. बक्षीस वितरणापूर्वी दुरुस्ती जाहीर होईल." मी वकील नाही, शब्द तुम्ही नीट करा. पण हा परिच्छेद छापा.

नोंदींवरून असे मी मुद्दाम म्हटले. नोंदच नसेल तर दुरुस्ती कशावरून करणार? मी वेळा लिहिते ही माझी सवय आहे, नियम नाही. शेजारच्या लेनमधल्या बाईंच्या कागदावर नुसती टिंबे होती. तिथे असेच घडले असते तर त्यांना स्वतःलाही कळले नसते. म्हणून प्रत्येक हाताची वेळ लिहिणे सक्तीचे करा आणि छापील तक्ता द्या. दहा मिनिटांत शिकवता येते. टोप्या आयोजकांनी द्याव्यात, एका लेनमध्ये एका रंगाची एकच. एका मोजणाऱ्याकडे दोनपेक्षा जास्त मुले नकोत. माणसे कमी पडतात हे मी जाणते, आठ वर्षे बघते आहे. मग एकदम 26 मुले सोडू नका, दोन गट करा. आंतरराष्ट्रीय पद्धत सगळ्यांना एकत्र सोडण्याची आहे हे खरे, पण ती समुद्रात किंवा मोठ्या तलावात शोभते. सहा लेनच्या तलावात 26 मुले सोडली की शर्यत पोहण्याची उरत नाही, धक्काबुक्कीची होते. दोन गट केले तर दोन्ही गटांचा निकाल घड्याळातल्या वेळांनुसार एकत्र लावायचा, हेही आधीच लिहून ठेवा. दुसऱ्या गटाला ऊन जास्त लागले अशी कुरबुर होईल. म्हणून कोण कुठल्या गटात, हे मागच्या वेळा पाहून नको, सगळ्यांसमोर चिठ्ठ्या टाकून ठरवा.

उन्हावरून आठवले. आपल्या स्पर्धा वेळेवर सुरू होत नाहीत. पत्रकात साडेसहा, प्रत्यक्षात नऊ. मधल्या वेळात दीपप्रज्वलन, सत्कार, श्रीफळ, मनोगते. पाहुण्यांचा मान ठेवावा, मी त्याच संस्कारातली आहे. पण मुले पहाटे चारला उठून, अर्धा ग्लास दूध पिऊन आलेली असतात. ती अंगाला तेल लावून, पोहण्याच्या पोशाखात फरशीवर बसून राहतात. मोठ्या गटाची शर्यत लागते तेव्हा अकरा वाजलेले असतात, आणि पाण्यातून निघालेली मुले वेळ वाचवायला अनवाणीच डांबरावर धावतात. एप्रिलमधले सांगली-मिरजेचे डांबर! तळपायाला फोड आलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. आधी शर्यती, मग सत्कार, एवढा क्रम उलटा करा. पाहुणे बक्षीस द्यायलाच येतात ना, त्यांना दहाला बोलवा. आणि धावण्याचा मार्ग डांबरी असेल तर दुसऱ्या धावण्यात बूट सक्तीचे करा. सगळ्यांनाच बूट घालावे लागले की कोणाचे नुकसान होत नाही.

मुलींबद्दल थोडे सविस्तर लिहिते. हे कोणी पत्रकात लिहीत नाही, आणि मुली तर बोलतच नाहीत.

लेनच्या टोकाला उभे राहून मला एक गोष्ट दिसते. बारा वर्षांखालच्या गटात मुली जवळपास मुलांइतक्याच असतात. पंधराच्या गटात निम्म्या. सतराच्या गटात तीन-चार. अभ्यास, मासिक पाळी, घरची कामे, कारणे पुष्कळ आहेत आणि त्यांतली सगळी तुमच्या हातात नाहीत. पण एक आहे. पोहण्याच्या पोशाखात, ओल्या अंगाने, गर्दीतून धावावे लागणे. तलावातून बाहेर पडून मैदानाच्या फाटकातून रस्त्यावर आणि परत, असा मार्ग मी दोनदा पाहिला आहे. रस्त्याच्या कडेला मोबाइल धरलेली माणसे उभी होती. ती सगळी काही पालक नव्हती. माझ्या मुलीने सोडले ते अभ्यासामुळे असे आम्ही सगळ्यांना सांगितले. पुढे खूप दिवसांनी ती मला म्हणाली, "आई, मला ते रस्त्यावरचं नको वाटायचं."

धावताना पोशाखावर टी-शर्ट आणि शॉर्ट घालायची मुभा असते असे काही पंच सांगतात, काही नाही म्हणतात. पंचावर हे अवलंबून कसे? पत्रकात लिहा : पहिल्या आणि शेवटच्या धावण्यात टी-शर्ट, शॉर्ट, लेगिंग चालेल, त्यासाठी कोणी बाद होणार नाही. पाण्यातून निघाल्यावर कपडे चढवण्यासाठी एका बाजूने कनात लावलेली जागा ठेवा. घड्याळ चालूच राहू द्या, मुली दहा सेकंदांत चढवतील, त्यांना सवलत नको, सोय हवी. धावण्याचा मार्ग क्रीडासंकुलाच्या आत ठेवा, चार फेऱ्या जास्त झाल्या तरी चालतील. फोटो आणि चित्रीकरण फक्त ओळखपत्र दिलेल्यांनी करावे. मुलींच्या गटाला किमान एक महिला पंच आणि कपडे बदलायच्या खोलीपाशी एक महिला स्वयंसेवक असावी. ही खोली कुलूप लागणारी असावी हे लिहितानाही मला कसेसे होते, पण लिहिते.

पाण्याच्या धोक्यावर मी फार लिहीत नाही. जीवरक्षक हवेत, रुग्णवाहिका हवी, हे तुम्हाला कळते. एकच सांगते. धावून धाप लागलेले मूल जोरात सूर मारते, कारण मागून दुसरे येत असते. पोहण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांत सुरुवातीच्या ठोकळ्यांपाशी किमान 1.35 मीटर खोली लागते. आपल्याकडचे कितीतरी तलाव एका टोकाला त्याहून उथळ आहेत. उथळ बाजूने पाण्यात उतरवायचे असेल तर सूर बंद, पायाने उडी किंवा बसून उतरणे, असे जाहीर करा आणि तिथे लाल पट्टी लावा. कोकणात स्पर्धा समुद्रात घेता तेव्हा तर तारीखच विचाराने ठरवा. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर सागरी स्पर्धेला राज्यभरातून मुले येतात, तिथल्या लोकांना विचारून पाहा. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण टाळून अष्टमीच्या आसपासची भांगाची भरती धरली तर पाण्याची ओढ कमी असते. हे कोळीवाड्यातले शेंबडे पोरही सांगेल, मग आपल्या वार्षिक वेळापत्रकात का नसावे?

एक मुद्दा नावाचा. तो कागदी वाटेल, पण मुलांच्या आयुष्याशी आहे. धावणे-पोहणे-धावणे या एकाच शर्यतीला मी आठ वर्षांत चार नावे छापलेली पाहिली आहेत : बायथले, बायथलॉन, अ‍ॅक्वाथलॉन आणि एकदा चक्क ड्युएथलॉन. ड्युएथलॉनमध्ये सायकल असते. अ‍ॅक्वाथलॉनमध्ये पोहणे-धावणेच असते, पण तो ट्रायथलॉनवाल्यांचा खेळ, त्याची संघटना वेगळी. बायथलॉन कोणता ते वर लिहिलेच. लहान मुलाला नावाने काय फरक पडतो? दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मागताना पडतो. पुढे सरकारी नोकरीतल्या 5 टक्के खेळाडू आरक्षणासाठी प्रमाणपत्र पडताळणीला टाकताना पडतो. राज्यात बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणे गाजल्यापासून पडताळणी कडक झाली आहे, आणि ती कडकच हवी. पण खऱ्या घामाचे प्रमाणपत्र केवळ छापणाऱ्याने खेळाचे नाव चुकवले म्हणून अडकावे, हा अन्याय मी एका मुलीच्या बाबतीत जवळून पाहिला. तिला दुरुस्तीचे पत्र मिळायला सात महिने लागले. इथेही तेच, चूक एकाची आणि हेलपाटे दुसऱ्याला. खेळाचे एकच नाव ठरवा, अंतरे ठरवा, वयोगट कुठल्या तारखेवर धरणार ते ठरवा, आणि तिन्ही गोष्टी प्रमाणपत्राच्या मागे छापा. आंतरराष्ट्रीय पद्धतीत वय कॅलेंडर वर्षावर धरतात. आपल्या शालेय स्पर्धांचे हिशेब वेगळे असतात, त्यामुळे पालकांचा दर वर्षी गोंधळ होतो आणि मुले आयत्या वेळी परत पाठवली जातात.

नियमपत्रक मराठीत हवे. हे मागावे लागते याचेच वाईट वाटते. आपल्याकडे येते ते कुठल्या तरी इंग्रजी पुस्तिकेची पाने मोबाइलवर काढलेल्या फोटोंच्या रूपात, आदल्या रात्री, व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर. वारणेकाठच्या त्या मामांना कोणी ग्रुपवर घेतले होते? स्पर्धेच्या किमान आठ दिवस आधी दोन पानी मराठी पत्रक काढा. अंतरे, पाण्यात उतरायची पद्धत, बूट-कपड्यांचा नियम, कुठल्या चुकीला किती सेकंद आणि कुठल्या चुकीला बाद, हरकत कशी घ्यायची. स्पर्धेच्या सकाळी ते तलावाच्या भिंतीवर चिकटवा. आणि शर्यतीआधी एका पंचाने माइकवरून मुलांना समजेल अशा बोलीत वाचून दाखवा. शिक्षेच्या बाबतीत तर हे फारच गरजेचे आहे. आज एखादे मूल लेनची दोरी ओलांडून आले तर एक पंच त्याला बाद करतो, दुसरा हसून सोडून देतो. लहान गटांत सरळ बाद करण्यापेक्षा ठरलेले सेकंद वाढवा. मुलाला चूक कळते आणि शर्यतही पुरी करता येते.

हे सगळे मी एवढ्या तळमळीने का लिहिते? कारण मला या खेळात आपल्या मुलांसाठी खरोखर जागा दिसते. पोहणारा वीरधवल खाडे कोल्हापूरचा. धावणारा अविनाश साबळे बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा. 2024 मध्ये पॅरिसला 50 मीटर रायफलमध्ये कांस्य मिळवणारा स्वप्निल कुसाळे कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा. पोहणे, धावणे, नेमबाजी ही तिन्ही आपल्या मातीत आहेत. 2023 मध्ये गोव्यात झालेल्या 37व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत महाराष्ट्राने 80 सुवर्णांसह 228 पदके घेतली, त्यांत मॉडर्न पेंटॅथलॉनवाल्या मुलामुलींचाही वाटा होता. ऑलिंपिकमधल्या पेंटॅथलॉनमधून पॅरिसनंतर घोडेस्वारी गेली आणि अडथळ्यांची शर्यत आली. घोडा गेला म्हणजे खर्चाची सगळ्यात मोठी भिंत गेली. तलवारबाजी आणि लेझर पिस्तूल पुढे शिकवता येते. पण त्या दारापर्यंत न्यायची पहिली पायरी म्हणजे जिल्ह्याची बायथले. तिला लागते एक विहीर, एक बांध आणि एक जोडी बूट. विहिरीत शिकलेले मूल या पायरीवरून घसरते तेव्हा ते पुन्हा येतेच असे नाही. शहरातल्या मुलाला पुढची स्पर्धा दोन महिन्यांनी असते, क्लब असतो, गाडी असते. विहिरीत शिकलेल्या मुलाला मात्र वर्षभर थांबावे लागते.

2025 मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला, त्यात खेळाडूंच्या तक्रारींची व्यवस्था आणि राष्ट्रीय क्रीडा न्यायाधिकरण आहे. मला त्याचा आनंद आहे. पण वारणेकाठचा चौदा वर्षांचा मुलगा 49 सेकंदांसाठी दिल्लीला जाणार नाही. त्याचा न्याय त्याच दिवशी, त्याच तलावाच्या काठावर, ओले अंग वाळायच्या आत व्हायला हवा. ते तुमच्याच हातात आहे.

काही जण म्हणतील की एकदा मोजणाऱ्याच्या शब्दावर निकाल बदलू लागला तर मोजणाऱ्यांवर दबाव येईल, गावकी-भावकी येईल. ही भीती खरी आहे, मी ती झटकून टाकत नाही. म्हणूनच मी शब्द म्हणत नाही, कागद म्हणते. शर्यत संपताक्षणी सगळे तक्ते मुख्य पंचाकडे जमा व्हावेत, सही होऊन. त्यानंतर त्यावर कोणी पेन्सिल टेकवायची नाही. दुरुस्ती होईल ती त्या तक्त्यातल्या वेळांवरूनच, दोन पंचांच्या सहीने, आणि का झाली ते फळ्यावर लिहून. माझा त्या दिवशीचा कागद कोणी जमा करून घेतलाच नाही. तो माझ्या पर्समध्ये घरी आला.

अजून माझ्याकडेच आहे. कडेला पाण्याचे डाग आहेत, पण आकडे स्पष्ट दिसतात. तुमच्या तांत्रिक समितीची पुढची बैठक कधी आणि कुठे आहे ते कळवा, मी तो घेऊन येते. निकाल आता बदलणार नाही हे मला माहीत आहे. तरी त्या मुलाच्या नावापुढे 200 मीटर 3:06 एवढे तरी लिहून, सही-शिक्क्यानिशी एक पत्र द्या. ते त्याच्या घरी पोचवायला मी स्वतः जाईन.

आपली नम्र,
लेनच्या टोकाला उभी राहणारी एक आई,
सांगली जिल्हा